रंग आधी, वीण नंतर

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून) :

"सर, मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर काम करतो. वय सत्तावीस. माझे मामा न्यू जर्सीला असतात. दिवाळीला आले तेव्हा त्यांनी बिस्किटाच्या डब्यात भरून अमेरिकेचे एक-एक सेंट आणून दिले. तीनेकशे तरी असतील. निवडताना काही वेगळे सापडले. १९६९ चा एक पूर्ण पांढरा, चांदीसारखा. १९९८ चा एक तसाच पांढरा, त्यावर लिंकनच्या खांद्याजवळ ओरखडा आहे आणि ओरखड्यात लालसर दिसतं. १९८९ चा एक अर्धा लाल, अर्धा राखाडी. पाच-सहा नाण्यांवर बारीक फोड आलेत. ओळखीच्या सराफाच्या काट्यावर तोलले : १९६९ चा ३.१२ ग्रॅम, १९९८ चा २.४७, १९८९ चा २.४९. इंटरनेटवर एक जण असाच 'मुलामा नसलेला' सेंट बारा हजारांना देतो म्हणतोय. शिवाय माझी नाणी तो लाखात विकून देईल, पण आधी रिझर्व्ह बँकेच्या परवान्याचे अडीच हजार भरा म्हणतो. गड्ड्याच्या यात्रेत सुट्ट्या पैशांत एक सोनेरी रुपयाही मिळालाय, २०१५ चा. आई म्हणते सिद्धेश्वराचा प्रसाद आहे, देवघरात ठेव. यातलं खरं काय, खोटं काय? आणि नाणी चिंच-मिठानं घासून घेऊ का? — एक वाचक, अशोक चौक, सोलापूर"

प्रिय वाचक,

सगळ्यात आधी पैशाचं. अडीच हजार भरू नका आणि बारा हजारांचं नाणंही घेऊ नका. रिझर्व्ह बँक जुनी नाणी विकण्याचा परवाना देत नाही आणि त्यासाठी शुल्कही घेत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेनं जाहीर निवेदन काढून हेच सांगितलं होतं : आमचं नाव वापरून कुणी जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात शुल्क, कमिशन किंवा कर मागत असेल तर त्याला बळी पडू नका, असा अधिकार आम्ही कुणालाही दिलेला नाही. त्या माणसाशी झालेलं बोलणं जपून ठेवा, पैसे मात्र पाठवू नका. त्यानं तुमची नाणी डोळ्यांनी पाहिलेलीसुद्धा नाहीत आणि लाखाचा आकडा सांगून मोकळा झाला.

आणि चिंच-मीठ नको. लिंबू नको, राख नको, भांड्यांची पावडर नको. का ते पुढे येईलच.

आता नाण्यांकडे वळू. तुम्ही मागावर काम करता, म्हणून एक गोष्ट तुम्हाला सांगणं सोपं जाणार आहे. सोलापुरी चादरीत आधी काय होतं? सूत रंगतं. लडी डाईंगला जातात, रंगून, वाळून येतात, मग ताणा लागतो आणि मग जॅकार्डवर नक्षी उठते. रंग आधी, वीण नंतर. अमेरिकेच्या अलीकडच्या सेंटचंही असंच आहे. मुलामा आधी, ठसा नंतर.

१९८२ पर्यंतचा सेंट जवळजवळ पूर्ण तांब्याचा होता, ९५ टक्के तांबं, वजन ३.११ ग्रॅम. तांबं महागलं आणि त्याच वर्षी धातू बदलला. त्यामुळे १९८२ साली दोन्ही प्रकारचे सेंट पडले. नवा सेंट आतून जस्ताचा आणि वरून तांब्याचा पातळ पापुद्रा, वजन २.५ ग्रॅम. पूर्ण नाण्यात तांबं अवघं अडीच टक्के, तेही सगळं वरच्या थरात नाही, कारण आतल्या जस्तातही थोडं मिसळलेलं असतं. हा थर साधारण आठ मायक्रॉन जाडीचा. आपल्या डोक्याच्या केसाच्या आठव्या-दहाव्या हिश्शाएवढा.

ज्यांच्यावर ठसा मारून सेंट होतो त्या कोऱ्या चकत्या टांकसाळीत बनत नव्हत्या. टेनेसी राज्यातल्या ग्रीनव्हिल गावी एका खासगी कारखान्यात जस्ताच्या पट्ट्यातून गोल चकत्या कापल्या जायच्या, पिंपात घालून विजेच्या प्रवाहानं त्यांच्यावर तांबं चढवलं जायचं. तयार लाल चकत्या फिलाडेल्फिया आणि डेन्व्हरच्या टांकसाळींत जायच्या. तिथे फक्त ठसा मारायचा. (व्यवहारातला सेंट पाडणं अमेरिकेनं नोव्हेंबर २०२५ मध्ये थांबवलं. तेव्हापासून डबे उघडून बसणाऱ्यांची आणि त्यांना गाठणाऱ्यांची दोघांचीही गर्दी वाढली आहे.)

म्हणजे मुलाम्यात खरा दोष राहिला असेल तर तो ठसा बसण्याआधीचा असला पाहिजे. लडीला जिथे दोरा घट्ट बांधलेला असतो तिथे रंग पोचत नाही आणि तो कोरा भाग तसाच मागावर चढतो. विणून झालेल्या टॉवेलात तुम्हाला तो ओळखू येतो ना? धागा कोरा असतो, पण वीण शाबूत असते, आणि कोरा भाग शेजारच्या रंगीत धाग्याइतकाच घट्ट असतो. आता त्याच टॉवेलावर कुणी ब्लीच सांडलं तर? रंग तिथेही जातो, पण वीण विरते, धागा पिसतो, डाग विणीचा विचार न करता पसरतो. तुमचं बोट तो फरक डोळ्यांआधी ओळखतं. नाण्यावर तेच काम दहापट भिंगानं करायचं. "हे पांढरं का आहे?" हा प्रश्न बाजूला ठेवा. "ठसा पडला तेव्हा हे पांढरं होतं का?" एवढंच विचारा.

१९६९ च्या नाण्यापासून सुरू करू, कारण ते पटकन निकाली निघतं. त्या साली सेंटवर मुलामाच नव्हता. जो थर कधी चढलाच नाही तो चढवायचा राहून गेला असं म्हणता येत नाही. पांढरं दिसण्याची एक खरी शक्यता असते : दहा सेंटच्या चकतीवर चुकून एक सेंटचा ठसा पडणं. पण ती चकती लहान असते, वजन २.२७ ग्रॅमच्या आसपास, आणि अक्षरं कडेला कापली जातात. तुमचं नाणं ३.१२ भरलं. म्हणजे आत नेहमीचं तांब्याचं नाणं आहे आणि वरून कुणीतरी पांढरा थर दिला आहे. आपल्याकडे कल्हईवाला पितळेच्या पातेल्याला देतो तसाच, नंतर.

१९९८ चं नाणं जास्त शिकवणारं आहे. साल बरोबर आहे, आत जस्त आहे, वजन २.४७ आहे, आणि म्हणून विकणारे हमखास सांगतात, "बघा, तांब्याचं वजन कमी भरलं!" हे ऐकून भुलू नका. सगळा मुलामा गायब झाला तरी वजन जेमतेम चार शतांश ग्रॅमनं घटतं, आणि टांकसाळीची स्वतःचीच सूट दोन्ही बाजूंना दहा शतांशांची आहे. पूर्ण लाल, निर्दोष सेंटही २.४७ भरू शकतो. काटा १९६९ च्या बाबतीत निकाल देतो, १९९८ च्या बाबतीत गप्प बसतो.

इथे निकाल तुमच्या ओरखड्यानं दिला आहे. मुलामा खरोखर चढला नसता तर ओरखड्याच्या आत काय दिसलं असतं? जस्त. पांढऱ्याखाली पांढरंच. तुम्हाला लाल दिसतंय, म्हणजे पांढऱ्या थराखाली तांबं आहे. क्रम असा लागतो : जस्त, त्यावर तांबं, मग ठसा, मग कुणाच्या तरी हातचा पांढरा थर, आणि शेवटी ओरखडा. अमेरिकेतल्या शाळांत रसायनाच्या तासाला हा प्रयोग सर्रास होतो. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात जस्ताची भुकटी घालून गरम करायचं, त्यात सेंट टाकायचा, तो चांदीसारखा होऊन बाहेर येतो. तोच पुढे ज्योतीवर धरला की वरचं जस्त तांब्यात मुरून पितळ होतं आणि नाणं सोन्यासारखं दिसतं. मुलं ते खिशात घालून घरी नेतात, कधीतरी खर्चूनही टाकतात. म्हणून डब्यात एखादा पिवळाजर्द सेंट सापडला तरी आधी ही शाळा आठवा. मुलामा देण्याच्या पिंपात गडबड होऊन मूळचाच पितळी रंग आलेले सेंटही असतात, पण ते घरी बसून सिद्ध करता येत नाहीत आणि मी छायाचित्रावरून त्याबद्दल मत देत नाही.

एक काळजीचं सांगून ठेवतो. जुन्या काळी प्रयोगशाळांतून पारा चोळूनही नाणी पांढरी करत. एखादं नाणं बोटाला निसरडं, चकचकीत लागलं तर घासत बसू नका, बंद पाकिटात ठेवा, हात धुवा. लहान मुलांच्या हाती देऊ नका.

आता १९८९. खरं सांगायचं तर तुमचं पत्र मी या एका नाण्यासाठी दोनदा वाचलं. अर्धं लाल, अर्धं राखाडी, साल १९८२ नंतरचं, आणि तुम्ही "राखाडी" लिहिलंत, "चांदीसारखं" नाही. हा शब्द तुम्ही सहज लिहिला असेल, पण तो मोलाचा आहे. उघडं जस्त हवेत चकचकीत राहत नाही. ते मंद, निळसर राखाडी होतं, पुढे पांढरी भुकटी धरतं. पस्तीस वर्षांचं नाणं आरशासारखं झळकत असेल तर माझा संशय वाढतो, मळकट राखाडी असेल तर कमी होतो.

ते खिडकीशी घ्या, सकाळच्या उजेडात, कडेला धरून. लाल-राखाडी सीमारेषा जिथे लिंकनच्या चेहऱ्यावरून किंवा अक्षरांवरून जाते तिथे भिंग लावा. नाण्यावरच्या 'लिबर्टी' या शब्दातलं एखादं अक्षर अर्धं लाल आणि अर्धं राखाडी असेल तर दोन्ही अर्ध्यांची धार सारखी आहे का? उंची सारखी आहे का? मुलामा आधीच नव्हता तर ठशानं जस्त आणि तांबं एकाच दाबानं दाबलं आहे, म्हणून अक्षर सलग उठेल. नंतर तेजाबानं तांबं उतरवलं असेल तर चित्र वेगळं, कारण तांबं खाणारं तेजाब जस्त त्याहून वेगानं खातं. राखाडी भाग मग रवाळ, खडबडीत होतो, अक्षरं बारीक होतात, कडा गोलावतात. ब्लीच पडलेल्या टॉवेलासारखं.

मग नाणं हळूहळू फिरवा. नाणं पाडताना धातू मध्याकडून कडेकडे सरकतो आणि त्याच्या बारीक रेषा राहतात. त्यांच्यामुळे कमी वापरलेल्या नाण्यावर उजेड भिंगरीसारखा फिरतो. राखाडी भागात, विशेषतः कडेजवळ, त्या रेषा कुठे तरी शिल्लक दिसल्या तर फार चांगलं लक्षण. तेजाब त्या सगळ्यात आधी पुसतं. नाणं झिजलेलं असेल तर त्या आपोआपही गेलेल्या असतात, तेव्हा न दिसल्या म्हणून लगेच खोटं ठरवू नका. झीजही ओळखता येते : ती उंचवट्यावर आधी होते, गालाचं हाड, दाढी, खांदा. पांढरेपणा फक्त उंचवट्यांवर असेल आणि खोलगटात लाल असेल तर मुलामा व्यवहारात घासून गेला, एवढंच.

शेवटी सीमारेषेचा आकार पाहा. ती पट्टीनं आखल्यासारखी सरळ आहे आणि दोन्ही बाजूंवर अगदी समोरासमोर, कडेवरूनही जुळते? मग चिमट्यात धरून अर्धं नाणं द्रावात बुडवलं असण्याची शक्यता मोठी. विहिरीच्या भिंतीवर पाण्याची रेघ राहते तशी ती दिसते. वेडीवाकडी असेल, किंवा एकाच बाजूला असेल तर आशा ठेवायला जागा आहे.

म्हणूनच घासू नका म्हटलं. या नाण्याचा सगळा पुरावा त्याच्या कातडीत आहे, आणि ती कातडी आठ मायक्रॉनची. चिंचेचा आंबटपणा तांबं उजळवेल आणि शेजारचं उघडं जस्त खाईल. खरं नाणं तुमच्याच हातानं खोट्यासारखं दिसायला लागेल.

फोडांच्या नाण्यांबद्दल फार लिहीत नाही. जस्त आणि तांब्याच्या मध्ये हवा अडकते आणि पापुद्रा फुगतो. कधी फोड एका दिशेत रांगेत असतात, ती पट्टा लाटण्याची दिशा असते. कधी अक्षराच्या पायथ्याशी पापुद्रा ताणून फाटतो आणि पांढरी रेघ दिसते. नवखे तिला दुहेरी ठसा समजतात. हे दोन्ही कारखान्यातले खरेच दोष आहेत, पण इतके सर्रास की त्यांना वरकड भाव मिळत नाही. विकणारे हे सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो. ज्यांच्यावर पांढरी भुकटी किंवा खड्डे आहेत ती तर आतून सडताहेत. ती वेगळ्या पाकिटात काढा.

मला स्वतःला हा क्रमाचा धडा १९४३ च्या सेंटनं दिला. युद्धात तांबं वाचवण्यासाठी त्या वर्षी अमेरिकेनं पोलादाचे, जस्त चढवलेले सेंट काढले, २.७ ग्रॅमचे, चुंबकाला चिकटणारे. पंचविशीत एका प्रदर्शनात मी त्यातला एक घेतला. लखलखीत होता. "कोरा, न वापरलेला" म्हणून दुप्पट पैसे दिले, ते साठवायला मला तीन महिने लागले होते. घरी आणून कितीतरी दिवस तो मी मोठ्या कौतुकानं दाखवत होतो. पुढे पुण्यात एका वयस्कर संग्राहकांनी तो हातात घेतला, नाण्याच्या दर्शनी बाजूकडे पाहिलंच नाही, कड पाहिली. म्हणाले, "कड चमकतीय. हा नंतर चढवलाय." त्या वर्षी आधी पोलादाच्या अख्ख्या पट्ट्याला जस्त लावलं, मग त्यातून चकत्या कापल्या. म्हणून अस्सल सेंटची कड उघड्या पोलादाची असते आणि गंजायला सुरुवात तिथूनच होते. माझ्या नाण्याची कडसुद्धा पांढरीशुभ्र होती. म्हणजे झिजलेलं नाणं कुणीतरी घासून पुन्हा मुलामा दिला होता. त्या दिवसाचं दुःख मला आजही आहे, पण तेव्हापासून कुठलंही नाणं हातात आलं की मी आधी कड पाहतो. तुम्हीही पाहा. आणि १९४३ चा 'तांब्याचा' सेंट कुणी दाखवला तर खिशातला चुंबक आधी काढा. चिकटला तर तो पोलादावर तांबं चढवलेला.

राहिला सोनेरी रुपया. आपला २०१५ चा रुपया स्टेनलेस स्टीलचा आहे, सुमारे ८३ टक्के लोखंड आणि १७ टक्के क्रोमियम, वजन ३.७९ ग्रॅम, आरपार एकाच धातूचा. त्यावर टांकसाळ मुलामा देतच नाही, तेव्हा मुलाम्याची चूकही संभवत नाही. चुंबक लावा. चिकटला आणि रंग सगळीकडे सारखा पिवळा असेल तर कुणीतरी गिलिट दिलं आहे, आपल्याकडे कानातल्यांना देतात तसं. चिकटला पण रंग कुठे गवती पिवळा, कुठे जांभळट, कुठे निळा असा उतरत गेला असेल तर तो आगीतून गेला आहे. तापलेलं स्टेनलेस स्टील असंच रंगतं. होमात, शेकोटीत, कचऱ्याच्या ढिगात, कुठेही झालं असेल. चुंबकाला चिकटलाच नाही तर मात्र थांबा : पाच रुपयांचं पिवळं नाणं ज्या निकेल-पितळेचं असतं ते चुंबकाला चिकटत नाही, आणि मग चुकीच्या चकतीचा प्रश्न खरोखर निघू शकतो. तसं झालं तर वजन कळवा. कानस लावून आत काय आहे ते मात्र पाहू नका. आपल्याकडे नाणं वितळवणं वा नष्ट करणं २०११ च्या नाणे कायद्यानं गुन्हा आहे.

चिकटला तरी आईंचं म्हणणं मोडू नका. गड्ड्यात मिळालेला रुपया देवघरात ठेवायला तो टांकसाळीची चूक असण्याची गरज नाही.

१९८९ चा सेंट कागदी पाकिटात ठेवा, पीव्हीसीच्या मऊ पिशवीत नको. सोलापूरचा उन्हाळा कोरडा असतो, तो नाण्याला मानवतो, पण पावसाळ्यात पाकीट लोखंडी कपाटात ओलीपासून लांब राहू द्या. मला चार छायाचित्रं पाठवा : दोन्ही बाजू, कड, आणि सीमारेषा ज्या अक्षरावरून जाते त्या अक्षराचं भिंगातून काढलेलं. उजेड एका बाजूनं तिरका पडू द्या, फ्लॅश नको. अमेरिकेत पीसीजीएस, एनजीसी, अनॅक्स अशा संस्था नाणं तपासून सीलबंद करून देतात. पण त्यांचं शुल्क आणि टपाल धरता तुमच्या खिशाला ते आज परवडेल का, हे छायाचित्रं पाहिल्यावर ठरवू. मामा पुढच्या खेपेला येणार असतील तर ते त्यांच्या हातूनच पाठवता येईल.